सातव्या ट्रकचा पंप

चादरीची दोन टोकं मिस्त्रींच्या हातात, दोन बायकोच्या. तीन चादरी अजून दोरीवरच होत्या, तेवढ्यात दारात चष्मेवाली येऊन उभी राहिली. लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजची ही पोरगी महिनाभर लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रींच्या मागेमागे फिरत होती. जुने ट्रक आणखी पंधरा वर्षं कसे चालवायचे, यावर विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. उद्या शेवटची फेरी.

"काका, जिंकलोच समजा! तुमच्या रजिस्टरनं तारलं. सातव्या ट्रकचा डिझेल पंप अकरा वर्षं टिकलाय. म्हणजे यापुढे नवे पंप निम्मेच मागवले तरी भागेल, असं आम्ही सुचवतोय."

"आधी बस, पाणी पी," बायको म्हणाली. "बघ, कौतुक केलं की ह्यांच्या तोंडाला कुलूप लागतं."

मिस्त्री हसले नाहीत. बाविसाव्या वर्षी लागल्यापासून त्यांनी त्या वर्कशॉपपायी हाडाची काडं केली होती. त्यांच्यामुळे ताफा अडला, असं कधी घडलं नाही. ते कसं, हे त्यांनाच ठाऊक. नवा पंप यायला चार महिने लागायचे आणि गाड्या निघायच्या दुसऱ्याच पहाटे. मग मागच्या आवारातल्या मोडक्या ट्रकचा पंप काढायचा, सातव्याला बसवायचा. तोही गेला की आणखी कुठल्या गाडीचा. रजिस्टरात एकच शब्द: दुरुस्त. अकरा वर्षांत सातव्यानं पाच पंप खाल्ले होते. रोज सकाळी देवापुढे हात जोडणारे मिस्त्री. पण तो एक शब्द त्यांनी देवापुढेही कधी काढला नव्हता.

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. बोललं की चौकशी लागणार. गप्प राहिलं तर नवे पंप निम्मेच येणार आणि पुढे कधीतरी भर घाटात ट्रक बंद पडणार, मागे बसलेल्या जवान पोरांसकट.

"पोरी, तो आकडा खोड," ते म्हणाले. "तो एक पंप नव्हे, पाच आहेत. मी इकडचे तिकडे केले आणि लिहिलं नाही."

तिचा चेहरा उतरला. "काका, आमचं सगळं गणित त्यावर उभंय."

"म्हणूनच सांगतोय."

"आणि तुमचं काय?"

मिस्त्रींनी हातातली चादरीची टोकं जुळवली. बायकोनं चादर आपल्याकडे ओढून घेतली. "अहो, मला वाटायचं तुमच्या हाताला यश आहे."

"यश होतं गं. नोंद नव्हती."

मग कुठला पंप कुठून काढला, ते आठवून आठवून त्यांनी पोरीला लिहून दिलं आणि खाली सही केली. उठून धुतलेला शर्ट चढवला. वर्कशॉपचे मोठे साहेब रविवारी घरीच असतात. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी त्यांना जाऊन सांगायचं होतं.