हाताला ओळखीची गल्ली

"उतरा आता. जवळच आहे."

गल्लीच्या तोंडाशी दुचाकीवाला दिसला की कोपऱ्यावरच्या घरातले काका हात आडवा करून एवढंच म्हणत. पाहुणा असो की पोस्टमन, पुढं गाडी ढकलत न्यायची.

मीही पहिल्या दिवशी उतरलो. भाड्याची खोली बघायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि हिंजवडीत नोकरी, हे मी कुणी न विचारताही सांगत असे. काकांनाही सांगितलं.

"छान," ते म्हणाले. "म्हणजे चालता येत असेल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वाटतं, यांना दुसरा उद्योग नाही. मला कारण नंतर कळलं. त्यांच्या बायकोला, काकूंना, जवळजवळ दिसत नसे. तरी गल्लीतल्या बुटक्या, जुन्या घरांच्या भिंतींना हात लावत त्या एकट्या भाजीला, देवळात जाऊन येत.

मग रस्ता रुंद करायचा बेत आला. दोन्ही बाजूंच्या घरांचे पुढचे भाग पाडणार होते. काकांनी हरकत घेतली, तेव्हा महापालिकेचे साहेब स्वतः पाहायला येतील असं ठरलं.

साहेब येणार म्हणून आम्ही गल्ली चकाचक केली. वाळवणं उचलली, ओट्यांवरच्या बायकांना आणि खेळणाऱ्या मुलांना आत पाठवलं. काकांनी बाहेर येऊन पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"अहो, इतकी मोकळी गल्ली पाहून त्यांना रस्ताच सुचणार. काढा सगळं बाहेर."

साहेब जीप कोपऱ्यावर सोडून आले, अर्थातच. पापड ओलांडत, चेंडू चुकवत चालले. एका ओट्यावर त्यांना पापडाची लाटी खावी लागली, दुसऱ्यावर गुडघेदुखीचा उपाय ऐकावा लागला. ऐकता ऐकता ते भिंतीला टेकले, तेवढ्यात समोरून काकू आल्या. त्यांचा हात साहेबांच्या खांद्यावर पडला.

"इथं खिडकी असते," काकू म्हणाल्या. "कोण उभं आहे?"

"सरकतो, काकू," साहेब म्हणाले. काकू भिंत चाचपत पुढं गेल्या, तोवर ते त्यांच्याकडं पाहत राहिले.

काही महिन्यांनी बेत रद्द झाल्याची बातमी आली. ती ऐकून काका ओट्यावर आडवे झाले आणि भर सकाळी घोरू लागले. त्यांना कुणीही उठवलं नाही.

पुढं काका गेले. तेरावा झाल्यावर काकू पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा मी सोबत येतो म्हटलं.

"कशाला? तुमची कंपनीची बस चुकेल."

त्या निघाल्याही. वळणावर दिसेनाशा झाल्या. मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं पलीकडून, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालणारा त्यांचा आवाज आला. मग मी बस गाठायला निघालो.