एका पिंपापुरता वेळ

माझ्या नातीने माझ्या मोबाइलवर एक घड्याळ बसवून दिलंय. पंचवीस मिनिटं लावायची, तेवढा वेळ एकच काम करायचं, टुणटुण वाजलं की पाच मिनिटं उठायचं. ती स्वतः असाच अभ्यास करते. मला म्हणाली, "आजी, तू दिवसभर लिहायचंय लिहायचंय करतेस आणि मसाल्याचा डबा पुसत बसतेस. हे लावून बघ एकदा."

खोटं नाही. मुलुंडच्या या आठव्या मजल्यावर मला आता वेळच वेळ आहे. सून-मुलगा सकाळी जातात, नात कॉलेजला जाते. मी वही उघडते, मग आठवतं की कडधान्य भिजत घालायचं राहिलं. ते घालून येते तर चष्मा सापडत नाही. अकराला उघडलेली वही चारला तशीच.

मी नातीला म्हटलं, हे तुझं घड्याळ मला नवीन नाही गं, आम्ही याला एक पिंप म्हणायचो. तिला वाटलं मी गंमत करतेय.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची चाळ होती. दोन घरांत मिळून एक नळ. पाणी दुपारी साडेतीनला यायचं आणि तासाभरात जायचं. आधी शेजारच्या वहिनींचं पिंप, मग माझं. धार बारीक, त्यामुळे एक पिंप भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ नळी धरून तिथेच थांबावं लागे. घरात गेलं आणि विसरलं की पाणी वाया, शिवाय सगळ्या चाळीच्या शिव्या.

मला तेव्हा दहावी करायची होती. शाळा आठवीतच सुटलेली, मग लग्न, मग मुलं. सतरा नंबरचा फॉर्म भरला की घरी बसून परीक्षा देता येते असं कुणीतरी सांगितलं आणि मी भरून आले. शिकवणी वगैरे कुठली? पुस्तकं जुन्या बाजारातली. पण अभ्यासाला बसले की घर हाका मारायचं. एक दिवस वहिनींनीच वाट काढली. त्या मालवणकडच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर पाटावर बसून कोळंबी सोलून द्यायचं काम करायच्या. मला म्हणाल्या, "तू लिव गो बाय. पाण्याक मी बघतंय."

तेव्हापासून त्या दोन्ही पिंपं सांभाळायच्या आणि मी त्यांच्या बाजूला पायरीवर वही घेऊन बसायची. नळी पिंपात सोडून त्या कोळंबी सोलत बसायच्या, आत डोकावायच्याही नाहीत. नुसतं ऐकायच्या. रिकाम्या पिंपात पाणी भणभण करतं, अर्ध्यावर आलं की घुमतं, वर आलं की आवाज बारीक होत जातो. वहिनी हात न थांबवता म्हणायच्या, "गळ्याक इला," की मी पेन ठेवायचं.

गणित अर्धवट असलं तरी ठेवायचं. सुरुवातीला मला याचा राग यायचा, पण हळूहळू कळलं की अर्धं सोडलेलं गणित दुसऱ्या दिवशी आपण होऊन पुढे बोलावतं. उद्याच्या पिंपाला काय करायचं ते मी आजच ठरवून ठेवायची. त्या वेळात तान्ह्याशिवाय कुणासाठी उठायचं नाही, हा माझा नियम. वहिनी एकदा आठवडाभर गावाला गेल्या तेव्हा मी बीजगणितात अशी बुडाले की पिंप भरून वाहिलं, आणि खालच्या घरात गव्हाचं पोतं भिजलं. पार वाट लागली. तेव्हा मला त्यांच्या कानांची किंमत समजली.

त्या बसल्या बसल्या सारखं बोलायच्या. गावच्या गोष्टी, आवशीच्या म्हणजे आईच्या, बापाशीच्या. मी हूं हूं करायची आणि माझी गणितं सोडवायची. कान एकीकडे, डोकं दुसरीकडे. रोज एक गोष्ट सुरू व्हायची आणि पाणी गळ्याशी आलं की त्या उठायच्या. दुसऱ्या दिवशी वेगळीच गोष्ट.

मी पास झाले. पुढे चाळ पाडायची ठरली, आम्ही पांगलो. वहिनी मुलाकडे दहिसरला गेल्या. सामान टेम्पोत चढवताना माझा हात धरून म्हणाल्या, "माका एकदा वाचून दाखव गो ता सगळा." मी समजले, त्यांच्यावर काहीतरी लिहावं असं त्यांच्या मनात आहे. हो म्हटलं. आणि इतकी वर्षं घालवली.

आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या सुनेचा फोन आला होता की एक कान पूर्ण गेलाय, दुसरा थोडा उरलाय. मला धसका बसला. वाचता तर त्यांना येत नाही. ऐकू येतंय तोवर लिहून, वाचून दाखवलं नाही तर मी दिलेला तो होकार काय कामाचा?

म्हणून ते नातीचं घड्याळ. रोज दुपारी एकदाच लावलं, पंचवीस मिनिटं. मोबाइल उपडा ठेवला, डबे-चष्मा सगळं आधी आटपलं. पहिले दोन दिवस नुसती बसून राहिले, तरी उठले नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा आवाज कानात आला आणि हात चालू लागला. आणि मग एक भलतंच उघड झालं. माझ्याकडे एकाही गोष्टीचा शेवट नव्हता.

वहिनी तीन दिवस शाळेत गेल्या होत्या. देवळातली शाळा, मामाने दिलेली पाटी, गुरुजींनी त्यांना पुढे बसवलेलं. दोन अक्षरं आली. "मगे चवथ्या दिवसाक—" एवढंच मला आठवत होतं. पुढे नळ बंद झालेला. चौथ्या दिवशी काय झालं ते मी कधी विचारलंच नव्हतं. माझं डोकं माझ्या दहावीत.

दोन बस बदलून दहिसरला गेले. वहिनी खिडकीपाशी बसलेल्या, डोळेही अधू झालेले, हाताने चाचपून मला ओळखलं. सून चहा ठेवायला गेली. मी त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन माझी पानं वाचली, अगदी ओरडून. शाळेपर्यंत आले आणि थांबले. विचारलं, "वहिनी, चौथ्या दिवशी काय झालं?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाल्या, "माका खय आठवता आता? तुका सांगलंय तेव्हा. तुझ्या वहीत आसतला, बघ."

मला समजेना. म्हटलं, कुठल्या वहीत?

"पाण्याक बसून लिवत होतंस ती वही. मी बोलतंय, तू लिवतंस. रोज तर लिवत होतंस."

परीक्षेचं त्यांना ठाऊक होतं, पण नळावरच्या त्या वहीत मी त्यांचंच बोलणं लिहून घेते असं त्यांना वाटत होतं. इतकी वर्षं. म्हणून त्या माझं पिंप सांभाळत होत्या, म्हणून रोज नवीन गोष्ट काढत होत्या. वाचून दाखव म्हणाल्या ते याचसाठी. सुनेने आणून दिलेला चहाचा कप मी खाली ठेवला. काही बोलले नसते तरी चाललं असतं, त्यांना कधी कळलं नसतं. पण मला ते जमलं नाही. कानाशी वाकून सांगितलं, "वहिनी, त्या वहीत गणितं होती. माझी."

त्यांनी पदर पुढे ओढून घेतला. बोटं पदराच्या काठावर फिरत होती.

"पास झालंस मा पण?"

"झाले."

"मगे झाला तर," त्या म्हणाल्या आणि सुनेला, हिला खोबऱ्याची वडी दे, म्हणून हाक मारली.

घरी आल्यापासून मी रोज ते घड्याळ लावते आहे. बाकीच्या गोष्टी जमतील तेवढ्या उतरवून काढते, ज्यांचे शेवट त्यांना आठवतात ते दर गुरुवारी जाऊन विचारून येते. शाळेचं पान मात्र तिथपर्यंतच लिहिलेलं आहे. चवथ्या दिवसाक, एवढे दोन शब्द, आणि खाली कोरा कागद. कधी कधी पंचवीसच्या पंचवीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसते.