मसाई मारातला पप्पांचा आवाज

कळंब्याहून गाडी निघाली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं आणि पप्पा फोनवर होते. "व्हय, आफ्रिका! सिंव्ह बघाय चाललोय की!" शेजारच्या दोन घरांतले दिवे लागले.

पप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्यात, उसाच्या चरकांजवळ गेली. तिथल्या घरघरीत ओरडल्याशिवाय काही ऐकूच जात नाही. निवृत्तीनंतर तो आवाज त्यांच्याबरोबर घरी आला. मी मागच्या सीटवर कानात हेडफोन घालून बसले होते. मम्मी, पप्पा आणि मी, आम्हा तिघांत इंग्रजी बोलणारी मी एकटी, त्यामुळे दुभाषी मीच. एरवी अनोळखी माणसाला वेळ विचारायलाही मला धीर होत नाही.

नैरोबीहून मसाई माराला पोहोचण्यात जवळजवळ अख्खा दिवस गेला. रस्ता संपला आणि नुसतं पिवळं गवत सुरू झालं. आमच्याकडे नजर कुठेतरी उसाला किंवा डोंगराला अडते. इथे तिला अडवायला काहीच नव्हतं.

आमचा वाटाड्या जोसेफ हळू बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आम्हाला उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) खाऊ घातली. मम्मीने लगेच कांदा-लसूण चटणीचा डबा उघडला.

"घ्या पावणं, लाजू नका!" पप्पा म्हणाले.

जोसेफने बोटभर घेतली. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने पुन्हा हात पुढे केला. पप्पा इतके हसले की झाडावरचे पक्षी उडाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका झाडाजवळ चार-पाच गाड्या थांबल्या होत्या. सगळे दुर्बिणी लावून गवतात शोधत होते.

"त्यो बघा! वर, फांदीवर! शेपटी बघ की गं!" पप्पा ओरडले.

फांदीवर खरंच बिबट्या होता. त्याने मान वर केली, खोडावरून उतरला आणि गवतात दिसेनासा झाला. शेजारच्या गाडीतल्या बाईने पप्पांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. माझे कान तापले. मी जोसेफला इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. ते व्हिलेजमधले आहेत. त्यांना कळत नाही."

जोसेफने दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाला, "माझे वडीलही खेड्यातलेच. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या गायींना हाका मारतात. आणि चुई (बिबट्या) तुमच्या वडिलांनीच आधी पाहिला. मला दिसला नव्हता."

"काय म्हणतोय गं?" मम्मीने विचारलं.

"काही नाही. पुढे जाऊ म्हणतोय."

पप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या इंग्रजी शाळेचा फॉर्म त्यांनीच भरला होता. 'व्हिलेज' या शब्दापुढे स्वतःच्या हाताने आपल्या गावाचं नाव, कोडोली, लिहिलं होतं.

पुढचे दोन दिवस आम्ही पुष्कळ पाहिलं. सिंहीण आणि तिची तीन पिल्लं, चिखलात लोळणारे पाणघोडे. हत्तींचा कळप आमच्या गाडीपुढून गेला, तेव्हा एवढ्या मोठ्या जनावराच्या पावलांचा आवाजच होत नाही हे मला पहिल्यांदा कळलं.

"बघितलं का वो?" मम्मी विचारायची.

पप्पा मान हलवायचे. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. जोसेफचं बोलणं मराठीत करून तयार होतं. चार वाक्यं फक्त. दर वळणावर वाटायचं, आता सांगू.

घरी आल्यावर शेजारी गोळा झाले. सगळ्यांना सिंहाची गोष्ट ऐकायची होती.

"हिला इचारा," पप्पा म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"

फोन आला की ते आता अंगणात जाऊन बोलतात. मला हवी होती तशी शांतता घरात आहे. मी माझ्या खोलीत बसून फोटो लावते. बिबट्याचा एकही नाही.

आठवड्याने सकाळी मी त्यांच्याबरोबर कळंबा तलावावर फिरायला गेले. बांधावर बसल्यावर एका दमात सगळं सांगितलं. जोसेफचे वडील, टेकडी, गायी, बिबट्या आधी कोणाला दिसला ते.

पप्पा पाण्याकडे बघत राहिले.

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं.



तेवढ्यात बांधाच्या पार दुसऱ्या टोकावरून कोणीतरी पप्पांना हाक मारली, "ओऽ आबा! घावला का सिंव्ह?"

पूर्वी त्यांनी बसल्या जागेवरून अख्खा सिंह सांगितला असता. मी वाट पाहिली. पप्पांनी नुसता हात वर केला.