कोरडा काप

त्याला सगळे पापुद्रा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून होतं. विद्यार्थी, शिपाई, दगडांवर संशोधन करणाऱ्या बाई, सगळ्यांच्या तोंडी पापुद्राच, आणि तोही हाकेला ओ द्यायचा.

दगडाचा पापुद्रा काढणं हाच त्याचा धंदा. संस्थेच्या तळघरात जिन्याखाली एक लांबट खोली, तिच्यात दोन कटर, घासायची एक तबकडी आणि कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक. दगड कटरवर कापायचा, काचेच्या पट्टीवर चिकटवायचा, मग घासत घासत इतका पातळ करायचा, की काळाकुट्ट धोंडासुद्धा आरपार उजेड सोडायला लागतो. मापायचं यंत्र होतं, पण पापुद्र्याचा भरवसा डोळ्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली गारगोटीचा कण पिवळा दिसला की अजून जाड, राखाडी झाला की हात उचलायचा. वर दोन हात जास्त फिरले तर काच तेवढी उरते आणि दगड गेला गटारात.

कटरवर पाण्याची धार लागते, नाहीतर धूळ उडते. पण काही दगड पाण्याने बिघडतात. आत मातीचा थर असला की तो पाणी पितो, फुगतो आणि दगडाचा चिखल होतो. असे दगड तेलात कापायचे. तेलाचा कटर बंद पडला त्याला वीस वर्षं झाली. नव्याचा अर्ज वर गेला तो गेलाच. तेव्हापासून पापुद्रा अशा वेळी नळ बंद करायचा आणि कोरडाच कापायचा. धाकट्या भावाला इथं नोकरीला त्यानेच चिकटवला होता, शेजारच्या कटरवर त्यानेच बसवला, आणि कोरडा काप शिकवला तोही त्यानेच. संस्थेने तोंडाला बांधायच्या जाड पट्ट्या दिल्या तेव्हा म्हणाला होता, "आपण काय मळणीचे बैल आहोत मुसकी बांधायला?" धाकटा पोट धरून हसला होता. पट्ट्या कपाटात राहिल्या.

पापुद्र्याची छाती तीन वर्षांपूर्वीच बोलायला लागली होती. जिन्याच्या चौथ्या पायरीला थांबायचं, कठड्यावरची धूळ बघतोय असं दाखवायचं, मग पुढची चार. आपलं काय झालंय ते त्याला कळलं होतं आणि त्याने ते गिळलंही होतं. पण गेल्या महिन्यात तपासणीची गाडी आली, सगळ्यांच्या छातीचे फोटो निघाले, आणि मंगळवारी कारकुनाने दोघा भावांची पाकिटं थोरल्याच्याच हातात दिली. आपलं त्याने उघडलंच नाही. धाकट्याचं उघडलं. दोन्ही फुप्फुसांत गाठी, धुळीचे काम ताबडतोब बंद करावे. ते पाकीट चार दिवस त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं. द्यायचं म्हणजे सोबत हेही सांगायचं, की बाबा, हे माझ्या हातचं. तेवढं एक वाक्य त्याच्या घशाखालून वर येईना.

शनिवारी बाई खाली आल्या. हातात अंगठ्याएवढा दगड. लाल पट्टा, काळा पट्टा, पुन्हा लाल, आणि मधोमध नखभर जाडीचा करडा थर.

"अडीचशे कोटी वर्षांचा आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा हवेत श्वास घेण्यासारखं काही नव्हतं, पापुद्रा. तुम्ही-मी मिनिटभरात मेलो असतो. पृथ्वीच्या पोटातून वर आलेलं लोखंड समुद्रात विरघळलेलं. मग पाण्यात डोळ्याला न दिसणारे जीव झाले, ते प्राणवायू सोडायला लागले. पण वर कुठला यायला? जेवढा सुटेल तेवढा लोखंड खाणार, गंजणार आणि तळाला बसणार. हा लाल पट्टा म्हणजे तो गंज."

"असं किती दिवस चाललं?" धाकट्याने विचारलं.

"कोट्यवधी वर्षं. लोखंड सरत आलं तेव्हा कुठे हवेत थोडा प्राणवायू उरायला लागला."

"म्हणजे आधी लोखंडाचं पोट भरायचं, मग आपलं," धाकटा म्हणाला. "सरकारी कारभार दिसतोय."

बाई हसल्या. मग करड्या थरावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही ज्वालामुखीची राख. हिचंच मला बघायचंय. पाणी लागू देऊ नका, आणि हा शेवटचा तुकडा आहे."

त्या वर गेल्या. धाकट्याने दगड शिकंज्यात आवळला आणि सवयीने नळ बंद केला.

"राहू दे, मी कापतो," पापुद्रा म्हणाला.

"तू? एका खोकल्यासरशी दगड भिंतीवर जाईल, दादा."

"मग पट्टी तरी बांध तोंडाला."

धाकट्याने वळून बघितलं. "का रे, मळणी काढलीस आज?"

पापुद्र्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थबकला. कटर सुरू झाला. पहिली लाल भुकटी उडाली, झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत तरंगली. धाकटा नेहमीसारखा तोंड पुढे घालून वाकला, पातं सरळ चाललंय का बघायला. हेही थोरल्यानेच शिकवलेलं. पापुद्रा पुढे झाला आणि त्याने नळ पुरा सोडला.

करड्या थराने पाणी ओढलं. दगड क्षणभर तसाच राहिला, मग मधोमध फुगला, फाटला, आणि राखेचा करडा रेंदा धाकट्याच्या बोटांवरून खाली गळला.

"काय केलंस हे? शेवटचा तुकडा होता."

पापुद्र्याने कटर बंद केला आणि पाकीट पुढे धरलं. धाकट्याने ओल्या हातानेच कागद काढला. वाचला. परत वाचला.

"तारीख मंगळवारची आहे."

"हो."

"आज शनिवार."

"हो."

"मधे मी कोरडे किती कापले?"

"अकरा," पापुद्रा म्हणाला. त्याने रोज मोजले होते.

धाकटा ओरडला नाही. त्याने हात धुतले, नखांतला गंज काडीने काढला, पुसले. "बाईंना मी सांगतो," तो म्हणाला. "घरी माझ्या बायकोला तू सांगायचं. तिच्यासमोर उभा राहून सांगायचं. मी आल्यावर मला विचारत बसायला नको तिने."

भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तेवढ्याला पापुद्र्याला अर्धा तास लागला. मागच्या दारी भावजय कपडे धुवायला बसली होती. त्याला बघून पदर सारखा करत म्हणाली, "अगंबाई, दादा, आज लवकर सुटलात? बसा, पाणी आणते." बोलता बोलता तिने नवऱ्याचा कामाचा सदरा उचलला आणि रोजच्यासारखा दोन्ही हातांनी जोरात झटकला. धूळ तिच्या तोंडावरून गेली. ती सवयीने खाकरली.

पापुद्रा भिंतीला धरून उभा होता. रस्ताभर जुळवत आणलेलं सगळं राहिलं बाजूला.

"तो झटकू नका," तो म्हणाला. "आधी भिजवा."