कुंकवाची रेघ

स्वस्तातली पांढरी सायकलची फ्रेम मी ऑनलाइन मागवली आणि जोडून घ्यायला धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे नेली. त्याने पुढच्या सांध्यावरून नख फिरवलं, ते एका जागी अडकलं.

"भाऊ, हाई वेल्डिंग बराबर नही शे. परत धाडी द्या."

त्याच्या भिंतीवर विकायच्या तीन फ्रेम टांगलेल्या होत्या. मी काय दूधखुळा होतो? "तुम्ही जोडा हो," म्हणालो आणि समोरच स्टूल टाकून बसलो. फ्रेमसोबत आलेली माझी नवी बेअरिंग काढून तो जुनी घालेल म्हणून चहालाही उठलो नाही.

घरी आईने हळद-कुंकू वाहून सायकलची पूजा केली. ओल्या कुंकवाचे ओघळ आले, ते मी फडक्याने पुसून काढले. सगळं निघालं. सांध्यावर केसाएवढी लाल रेघ तेवढी राहिली. खरवडायला गेलो, तर माझंही नख तिथेच अडकलं.