वाट्यातले भावोजी

जगातली सगळी काळजी एकाच माणसाकडे ठेवायला द्यायची झाली, तर ती आमच्या भावोजींकडे द्यावी. ते ती व्याजासकट परत करतील. ओरोसला जिल्हा कचेरीत सकाळी काम असलं की आदल्या संध्याकाळीच एसटीने जाऊन मुक्काम ठोकत. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, मग ताईला ओढायला लावत आणि तरीही फाटकापासून परत येत. पण मालवणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाची खरी काळजी एकच होती. आपला शोधनिबंध कोणी वाचतं का? दुसऱ्या कोणा संशोधकाने आपल्या लेखनात त्याचा दाखला दिला, तरच विद्वान म्हणून किंमत, आणि निवृत्तीआधीची शेवटची बढती या निबंधावरच अडलेली. त्यामुळे रोज कॉलेज सुटलं की ते सायबर कॅफेत जाऊन स्वतःचा निबंध शोधत. बाहेर आले की चेहऱ्यावरूनच कळे, आजही कोणी विचारलेलं नाही.

निबंध तोंडवलीच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, मिळणाऱ्या पेडवे माशांवर होता. तिथले मच्छीमार ओढून आणलेले मासे विकायच्या आधी भावोजींना मोजू देत, म्हणून भावोजींनी रापण ओढणाऱ्या सगळ्यांची नावं लेखक म्हणून घातली, पहिलं त्यांच्या म्होरक्याचं, तांडेलाचं, आणि स्वतःचं शेवटी. नुसते आभार माना, असं ताईने परोपरीने सांगितलं. तेव्हा एरवी चहात साखर किती घालावी हेही तिला विचारणारे भावोजी शांतपणे म्हणाले, "ज्येनी दोरयेक हात लावलो, तेका वाटो. तो नेम मी कसो मोडू?"

मुलाखतीत व्हायचं तेच झालं. तुमचे हे सहकारी कुठल्या विद्यापीठात असतात, असं समितीने विचारलं. भावोजींनी खरं ते सांगितलं, तोंडवलीच्या किनाऱ्यावर. निबंधाचे गुण सगळ्या लेखकांत वाटले गेले आणि भावोजींच्या पदरात पेडव्याच्या शेपटीएवढे पडले. बढती गेली. ताईला आणि मलाही समितीचा भयंकर राग आला होता.

पुढल्या वर्षी कुठल्याशा दूरदेशीच्या लेखात त्या निबंधाचा दाखला सापडला. भावोजी कागद छापून घेऊन, मला बरोबर घेऊन, थेट तोंडवलीला गेले. रापण नुकतीच वर आली होती, वाळूवर माशांचे वाटे पडत होते. भावोजींनी तांडेलाला त्याचं छापलेलं नाव बोट ठेवून दाखवलं.

"आणि तुमचा नाव खंय आसा, मास्तरांनू?"

"हय 'आणि इतर' म्हटलाहा मां, तेतूर."

तांडेलाने वाळूवर आणखी एक वाटा टाकला आणि भावोजींना उचलायला सांगितलं. भावोजी घाबरे झाले. आज मी दोरीला हात लावलेला नाही, म्हणाले.

"तुमच्या कागदाक आमी तरी खंय हात लावलेलो?"

भावोजींनी पिशवी उघडली. परतताना एसटीत त्यांनी मला तीनदा विचारलं, बर्फाशिवाय पेडवे घरापर्यंत टिकतील ना. टिकतील, म्हटलं. ते पिशवी पोटाशी धरून बसले होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता, वाईटही तितकंच वाटत होतं.