वहिनींच्या नेटवर तीन घरं

आमच्या मजल्यावर तीन दारं आहेत. एक माझं, एक नृत्यशिक्षिका बाईंचं आणि मधलं वहिनींचं. वहिनींना मी पहिल्याच आठवड्यात 'मशीनगन' नाव ठेवलं, कारण आमच्या भिंती पातळ आणि त्यांची बोटं भलतीच जलद. संध्याकाळचे सहा वाजले की पलीकडे जो कडकडाट सुरू व्हायचा तो थेट नऊला थांबायचा. घरी आलेले पाहुणे विचारायचे, हे काय चाललंय? मी सांगायचो, लढाई. वहिनींच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, गोळी लागली तर ओरडा, म्हणजे मी थांबेन."

त्यांचं काम टायपिंगचं. हॉस्पिटलातले डॉक्टर दिवसभर पेशंट तपासतात आणि प्रत्येकाची हकीकत बोलून रेकॉर्ड करून ठेवतात. ते कानाला लावून ऐकायचं आणि अहवाल टाइप करायचे. डॉक्टरांचं बोलून व्हायला संध्याकाळ होते. सहाला काम येतं आणि नऊच्या आत ते परत जावं लागतं, कारण रात्रपाळीच्या नर्सना गोळ्या द्यायच्या असतात. सव्वीस वर्षं वहिनींनी हे केलं. त्यातली पहिली सतरा हॉस्पिटलच्या तळघरात. मग तळघर कुठल्याशा मशीनसाठी हवं झालं आणि टायपिंगवाल्या बायकांना कामासकट घरी पाठवण्यात आलं.

वहिनींची एक सवय होती. टाइप करताना त्या पडद्याकडे बघत नसत. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, जणू कोणी कानात गुपित सांगतंय अशा बसायच्या. मी एकदा साखर मागायच्या निमित्ताने जाऊन हे बघून आलोय. पडद्याकडे बघतो तो शिकाऊ, असं त्यांचं म्हणणं. सव्वीस वर्षांत त्यांच्या अहवालावर लाल खूण आलेली नव्हती, आणि हे त्या स्वतः कधी सांगत नसत. त्यांचे यजमान सांगायचे. यजमान बसचे रिटायर्ड कंडक्टर. दिवसाला दोन वाक्यं बोलणार, त्यातलं एक हे.

घरी काम आलं तेव्हा वहिनींनी नेट घेतलं. मजल्यावरचं पहिलं. दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन त्यांच्या दारात, तिसऱ्या दिवशी नृत्यशिक्षिका बाई. वहिनींनी दोघांना पासवर्ड दिला, वर चहाही दिला. पुढे आम्ही एकदोनदा म्हणालोही की आता आपापलं घ्यायला हवं. वहिनी म्हणाल्या, "असू द्या हो, एका मजल्यावर तीन-तीन कशाला." हे आम्ही दोघांनी इतक्या तत्परतेनं मान्य केलं की विचारू नका.

मग गेल्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. नृत्यशिक्षिका बाईंनी घरातूनच कॅमेऱ्यासमोर वर्ग सुरू केले, संध्याकाळी सहा ते साडेआठ. आणि मी दोन कॅमेरे बसवले. एक जिन्यात आणि एक खाली पार्किंगवर. ते दिवसरात्र चित्रं घेऊन कुठल्याशा कंपनीच्या साठ्यात पाठवत बसायचे आणि मी फोनवर बघत बसायचो. माझ्याकडे गाडी नाही, हे जाता जाता सांगतो.

वहिनींचं काम अडकायला लागलं ते तेव्हापासून. दिवसा नेट ठीक. संध्याकाळी मात्र अक्षरं उशिरा उमटायची. त्यांचं काम घरच्या कॉम्प्युटरवर होतच नसे, व्हीपीएन नावाच्या बंदिस्त वाटेनं हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर होई. इथे कळ दाबली की ती तिकडे जाणार, तिथे अक्षर उमटणार आणि मग ते इथे दिसणार. आणि जाणं-येणं फार रेंगाळलं की ती वाट आपोआप बंद. पुन्हा पासवर्ड, पुन्हा फोनवर येणारा आकडा, पुन्हा सुरुवात.

डोळे मिटून टाइप करणाऱ्या बाईला वाट बंद झालेली कळणार कशी? एका संध्याकाळी ती मध्येच बंद झाली आणि वहिनी तशाच टाइप करत राहिल्या. पुन्हा जोडून घेतल्यावर ऐकून ऐकून त्यांनी पुढचं लिहिलं, पण एक ओळ त्या फटीत पडली ती पडलीच. नेमकी कोणती, तर पेशंटला अमुक औषध चालत नाही ही. डॉक्टरांच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी वहिनींना पत्र आलं. एक महिना देतो. सगळे अहवाल नऊच्या आत आणि बिनचूक आले तर ठीक, नाहीतर काम बंद.

वहिनींनी मग जे कोणीही करेल ते केलं. नेट कमी पडतंय असं समजून मोठा प्लॅन घेतला. आठवड्यानं त्याहून मोठा. आमची चंगळ झाली. माझे सिनेमे कसे सरसर चालायला लागले. वहिनींची अक्षरं मात्र तशीच लंगडत.

शेवटी त्यांनी नेटच्या कंपनीचा वायरमन बोलावला. साठीचा माणूस, शिडी घेऊन आला, आणि मी शिडी धरायला गेलो. म्हणजे ऐकायला गेलो. तो म्हणाला की बाई, तुम्ही मोठा केलाय तो आत येणारा रस्ता. बाहेर जाणारी बोळ होती तेवढीच आहे. सिनेमे आत येतात, त्यांना काही होत नाही. पण तुमची प्रत्येक कळ बाहेर जाते. आणि संध्याकाळी ह्या तीन घरांतून कोणीतरी धबाधबा चित्रं बाहेर पाठवतंय, त्यामागे तुमची कळ रांगेत उभी. शिवाय त्या वेळी अख्खी गल्ली घरी असते, कोपऱ्यावरच्या तारांच्या पेटीतही तीच गर्दी. गल्लीचं माझ्या हातात नाही, तो म्हणाला, पण ह्या तीन घरांचं तुमच्या हातात आहे. पासवर्ड बदला, दोन मिनिटांचं काम.

मी शिडीकडे बघत होतो.

त्या रात्री भिंतीपलीकडून यजमानांचं दिवसातलं दुसरं वाक्य ऐकू आलं. "पासवर्ड बदल."

"कोणत्या तोंडानं बदलू?" वहिनी म्हणाल्या. "रोज जिन्यात भेटतात माणसं."

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या माझ्याकडे आल्या. पंधरा मिनिटं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मग उठता उठता म्हणाल्या, "भावजी, तेवढं सहा ते नऊ कॅमेरे बंद ठेवता आले तर बघाल का?"

"अहो वहिनी, डोळ्याएवढा तो कॅमेरा, तो काय खाणार तुमचं नेट? बाईंना सांगा. त्यांचा तिकडे अख्खा नाच जातो."

त्या बाईंकडे गेल्या. बाई म्हणाल्या की माझं एकच चित्र जातं, तेही अडीच तास. भावजींचे कॅमेरे दोन आणि सुट्टी नाही. हे मला बाईंनीच नंतर हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो. आम्ही दोघंही एकमेकांबद्दल खरंच बोललो होतो.

कॅमेरे मी बंद केले, नाही असं नाही. दोन संध्याकाळी. त्या दोन दिवसांत भिंतीपलीकडची मशीनगन जरा सुरळीत चालली, हे मला ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये दोन बिऱ्हाडांची जागेवरून जुंपली आणि ती बघायला मी कॅमेरे पुन्हा लावले. भांडण दहा मिनिटांत मिटलं. कॅमेरे चालूच राहिले.

वहिनींनी मग डोळे उघडे ठेवून टाइप करायला सुरुवात केली. चार अक्षरं टाइप करायची, थांबायचं, ती उमटली का बघायचं, मग पुढची चार. त्या वयात चालायला नव्यानं शिकावं तसं. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मी म्हणालो, "काय वहिनी, दारूगोळा संपला वाटतं?" त्या हसल्या. मला अजून ते हसू आठवतं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी वाट सहा वेळा बंद पडली. आठ अहवाल नऊनंतर गेले.

महिना संपला त्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. वहिनींनी तो स्पीकरवर लावला होता आणि भिंत पातळ आहे हे सांगितलंच आहे. पलीकडे कोणी सुपरवायझर मुलगी होती. ती बिचारी अदबीनंच बोलत होती. तिच्याकडे आकडे होते. तासाला किती अक्षरं पोचली, किती उशिरा, किती अहवाल अर्धे.

"बाळा, माझ्या बोटांतून ती वेळेवर निघाली होती," वहिनी म्हणाल्या.

"असेल मॅडम. पण ते आमच्याकडे दिसत नाही."

फोन ठेवला गेला आणि काम त्या दिवसापासून बंद.

त्यानंतर चार दिवसांनी माझा फोन एकदम मुका झाला. मी मधलं दार वाजवलं. वहिनींनी उघडलं.

"वहिनी, नेट गेलंय का हो?"

"गेलं नाही भावजी, काढून टाकलं. मला आता लागत नाही. सांगायला हवं होतं तुम्हाला, राहून गेलं."

राहून गेलं म्हणे. त्या माझी माफी मागत होत्या. मी काहीतरी पुटपुटलो, बहुतेक 'हरकत नाही' असंच.

मी आणि नृत्यशिक्षिका बाईंनी आपापलं नेट घेतलं. एक फोन केला, दोन दिवसांत वायर आली. नऊ वर्षं जे जमलं नव्हतं, त्याला दोन दिवस लागले.

वहिनी आता दोन गल्ल्या पलीकडे एका दाताच्या दवाखान्यात बसतात. वहीत पेशंटांची नावं हातानं लिहितात आणि आत पाठवतात. संध्याकाळी सहाला घरातून निघतात, त्या वेळी आमच्याकडे शांतता असते. पाहुणे आता काही विचारत नाहीत. परवा जिन्यात गाठ पडली. त्यांनी थांबून चौकशी केली, "तुमचं नेट नीट चालतं ना भावजी?"

मी त्यात टोमणा शोधला. मनापासून शोधला, सापडला असता तर बरं झालं असतं.

"चालतं," मी म्हणालो.

"चला, बरं झालं," असं म्हणून त्या उतरून गेल्या.